खालचा रंग

नऊशे डॉलर, आणि वर गवताचे चार भारे.
मेट्रो कोझाकनं नोटा मोजल्या नाहीत,
भारे मात्र दोनदा मोजले.
"चालायची का?"
"चालायची. मग एकदा उभी केली, ती उभीच राहिली."
आणि तो कोंबड्यांकडे वळला,
जणू ही गाडी त्याच्या अंगणात कधी नव्हतीच.

एक्कावन्न सालची मर्क्युरी पिकअप.
हौद्याच्या फटींत गहू उगवून वाळलेला,
पुन्हा उगवलेला, पुन्हा वाळलेला.
सीटच्या स्प्रिंगांत उंदरांचा पिढीजात संसार,
डाव्या दिव्यात गांधीलमाश्यांचं ओसाड पोळं.
लॉर्ननं ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढत आणली
आणि वाटभर एकच वाक्य बोलला:
"व्हर्ना, लोक या वयात स्वेटर विणतात."

सत्तावीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली.
दुसऱ्यांची मुलं, दुसऱ्यांचं इंजिन.
झाकण उघडायला मेकॅनिक होता;
मी फक्त कानोसा घ्यायचे,
मागच्या बाकांचा आणि पुढच्या व्हॉल्व्हांचा,
दोन्हीकडची कुरबुर भांडणाआधी कळायची मला.

पहिला हिवाळा ब्रेकमध्ये गेला.
दुसरा, एका बोल्टात.

खरंच, एकाच.
तेल पाजलं, शेक दिला, नाकदुऱ्या काढल्या,
शिव्या दिल्या त्या आईच्या युक्रेनियनमधून,
कारण इंग्रजीतल्या पुरल्या नाहीत.
बाहेर उणे चौतीस. पाना हातमोज्याला चिकटायचा.
मार्चमधल्या एका संध्याकाळी जोर लावला,
दोन्ही पाय भिंतीला टेकवून,
आणि कुठेतरी खोल 'कट' वाजलं.
तुटला की सुटला?
पाच मिनिटं मी बघितलंच नाही.

सुटला होता.

तिसऱ्या वर्षी घराच्या छपरानं पैसे खाल्ले.
तेव्हा नुसती तिच्यात बसून चहा प्यायले,
स्टिअरिंग धरून,
कुठेही न जाता.

मग दार.
वरचा हिरवा पापुद्र्यांनी सुटला,
त्याखालचा निळा कागदाच्या तीन पट्ट्या खाऊन,
आणि लालावर, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत:
पी. कोझाक अँड सन.
शेवटी एक डाग. बोटाएवढा.
लालच, पण वेगळा लाल, थरथरत फासलेला.
तिरप्या उन्हात त्याच्या खालचं अक्षर फुगलेलं दिसलं.
कुणीतरी अनेकवचनाचं
एकवचन केलं होतं.

मी मेट्रोला फोन केला नाही.
तो आपणच आला, पाण्याचा पंप कसा बसवला ते बघायला,
आणि दारापाशी घोडं अडलं.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस,
त्यानं अंगठा त्या डागावर ठेवला.
तो बरोबर बसला नाही. मोठा झाला होता.

"ओलेक गव्हात बुडाला," तो म्हणाला.
"कोठीत. कमरेपर्यंत होता तोवर हसत होता.
बाबांनी डबा उघडला आणि ब्रश माझ्या हातात दिला.
मी बारा वर्षांचा."
मग बऱ्याच वेळानं: "पंपाला गळती आहे तुझ्या."

पंपाला गळती नव्हती.

मी त्याच्या हातात पॉलिश कागदाचा तुकडा दिला
आणि चहा टाकायला आत गेले.
चहा एकदा उकळला, तो ओतून दिला, दुसरा टाकला.
लॉर्ननं वर बघितलं, काही विचारलं नाही.
बाहेर आले तर कागद चौघडी होऊन
त्याच्या शर्टाच्या खिशात,
आणि डाग होता तिथे.
"पुढच्या रविवारी," तो म्हणाला.

अकरा रविवार झाले.
बाकीची गाडी मी हिरवी रंगवली, ते दार सोडून.
दुकानातला ड्वेन म्हणतो, काम अर्धवट राहिलं.
मी म्हणते, हो.
मेट्रो येतो, त्या दारानं चढतो,
आम्ही रेल्वेजवळच्या धान्याच्या मनोऱ्यापर्यंत जातो
आणि वळतो.
कागद अजून खिशात आहे, घडीवर मऊ पडलेला.
दुसरा गिअर चढावर निसटतो.
नवा दात्यांचा सेट मागवलाय, विनिपेगहून;
तोवर दांडी
मी हातानं धरून ठेवते.